फोन कुणी धरला होता?

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा मी फोन ठेवला तो रागाने ठेवला, हे तुला कळलंच असेल. बाबा त्यानंतर दोनदा म्हणाले, "अगं, पोराने हौसेने सांगितलं आणि तू त्याच्यावर खेकसलीस." मी म्हटलं, खेकसले वगैरे नाही. मग रात्री पडल्या पडल्या सगळं बोलणं आठवून पाहिलं. खेकसलेच होते. म्हणून हे पत्र. फोनवर समजवायला गेले तर पुन्हा तेच होईल, कागदावर निदान खोडता येतं. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर बाबांना विचार, त्यांना सवय आहे.

उपदेश करायचा नाही असं ठरवूनच बसले आहे. निळ्या स्वेटरवरून आपलं जे झालं तेही काढणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे की परवा फोन कुणी धरला होता. पण ते राहू दे, आधी बाकीचं.

खरं सांगू? तू सांगत होतास तेव्हा पहिली काही मिनिटं मला फार बरं वाटत होतं. तीन आठवडे ढगाळ, गारठलेलं, दार उघडलं की नाक लाल होणारं ते सगळं, आणि मग एका सकाळी खिडकी उघडली तर हवा अशी की कुणीतरी चुकून पुढच्या महिन्याचं पान फाडलंय. तू म्हणालास, कुणी काही ठरवलं नव्हतं, एकाने नुसतं "तळं" म्हटलं आणि पाचही जण गाडीत. दुपारपर्यंत काठावर स्वेटरांचा ढीग. एकजण तोंडावर पुस्तक ठेवून झोपला. दोघं चपटे दगड शोधून पाण्यावर टप्पे मोजत बसले, आणि तुझे सात झाले ते कुणी मानायला तयार नाही. (मी मानते. तुझ्या मनगटात ते पहिल्यापासून आहे, लहानपणी काचेवर फेकायचास.) नोकरीला लागल्यापासून तू इतका वेळ, इतक्या मोकळ्या आवाजात बोललाच नव्हतास रे. मी ऐकता ऐकता बाबांना खूण केली, या, ऐका. म्हणजे मला त्या दिवसाचा राग नाही. तुला मित्र आहेत, असे अचानक निघणारे आणि दिवसभर काही न करणारे मित्र आहेत, याचा मला किती आधार वाटतो ते तुला कळायचं नाही.

मग तू चेंडूचं सांगितलंस.

चेंडू वाऱ्याने आत गेला, तो आणायला तुझा मित्र पोहत गेला, अर्ध्यात थांबला, आणि तू उडी मारलीस. कपड्यांसकट. "दहा-बारा मिनिटं होतो गं पाण्यात, त्याने मानेला मिठी मारली तेव्हा दोनदा खाली गेलो, पण आणलं त्याला." तू हसत होतास. केस ओले, अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी मोठं जाकीट. बाबा म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" आणि मी बघत होते की फोन तू धरलेला नव्हतास. तुझे दोन्ही हात काखेत होते आणि तो लांब केसांचा मुलगा तुझ्यासमोर फोन धरून उभा होता. मी विचारलं, तर म्हणालास, "हात ओले आहेत माझे." पाण्यातून बाहेर येऊन अर्धा तास झाला असं तूच आधी सांगितलं होतंस. अर्ध्या तासात हात वाळत नाहीत?

बोटं वळत होती का तुझी? एवढंच सांग.

तू म्हणालास, "आई, हवा चोवीस अंश होती!" तिथेच माझा तोल गेला. इतकी वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं आणि माझाच मुलगा मला हवेचं तापमान सांगतो. आता थोडं शाळेतल्यासारखं होईल, सहन कर. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ ३,५०० पट उष्णता तेवढंच पाणी तेवढंच तापवायला लागते. म्हणजे हवेचा राग-लोभ एका दिवसात पालटतो, पाणी आठवडेच्या आठवडे मनात धरून बसतं. तुम्हाला त्या दिवशी ऊन मिळालं, तळ्याकडे मात्र गेल्या महिन्याची थंडी तशीच होती. काठाशी कोमट लागलं असेल, नक्की लागलं असेल, कारण घोटाभर पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं. आणि चेंडू आत नेणारा तोच वारा वरचा तो पातळ ऊबदार थरही पलीकडच्या काठाकडे सरकवत नेतो, त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना. म्हणून थंड प्रदेशातल्या खोल तळ्यात हिवाळा सरता सरता खाली त्याच्याच आसपासचं पाणी साठलेलं असतं. तू ज्या तलावात पोहायला शिकलास तिथलं पाणी असतं २५ ते २८ अंश. दोन्हीला आपण पाणीच म्हणतो, हीच फसगत.

हे सगळं तुला माहीत आहे. नववीत तुला यात पैकीच्या पैकी होते, आणि उत्तरपत्रिका मीच तपासते म्हणून वर्गात कुजबुज झाली तर मी ती दुसऱ्या बाईंकडे दिली होती. त्यांनीही पैकीच्या पैकीच दिले. माहीत असणं वेगळं आणि ऊन पाठीवर असताना आठवणं वेगळं, हे मला कळतं. मलाही आठवलं नव्हतं.

हे तुला कधी सांगितलं नाही. बाबांनाही अर्धवटच माहीत आहे, त्यांना वाटतं मी पाय घसरून पडले होते.

मी १९ वर्षांची होते. आम्ही चौघी होतो, मावशीही होती. थंडीचेच दिवस, आणि मधेच एक दिवस असाच वाट चुकून आलेला. डोंगरातलं तळं, काठाला मोठा काळा खडक, आणि तो असा तापलेला की पाठ टेकली की उठवत नव्हतं. आम्ही अभ्यासाची पुस्तकं आणली होती आणि एकीनेही उघडली नाहीत. एकीने खडकावरून पाय सोडले, तिची चप्पल सुटली आणि तरंगत निघाली. मी म्हटलं, आणते. मी चांगली पोहायचे. मावशी माझ्याहून चांगली पोहायची, पण मी आधी म्हटलं.

उडी मारली आणि श्वास माझा राहिलाच नाही. मी घेतला नाही, तो आपोआप खेचला गेला, मोठा, आणि अर्ध्या पाण्यातच. मग एकामागून एक धापा. ओरडायला हवा लागते, ती धापांतच संपत होती. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की अंग हे आपणहून करतं, कुणाचंही, पट्टीच्या पोहणाऱ्याचंही. त्याला शीत-आघात म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं, मला काहीतरी रोग झाला. मिनिटभरात ते ओसरलं, मी चप्पलही पकडली, आणि मूर्खासारखी विजयाने वर धरून दाखवली. परत फिरले. आणि काठ तीन-चार हातांवर असताना माझे हात माझे राहिले नाहीत. दुखत नव्हते, आखडलेही नव्हते. नुसते माझं ऐकत नव्हते. बोटं फाकली ती फाकलीच. चप्पल कधी सुटली कळलं नाही. पाण्यात मी उभी झाले, म्हणजे पाय खाली गेले, आणि तोंड वर-खाली होऊ लागलं.

आणि तेव्हा मला मावशी दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून पळाली.

बाळा, ती पाठ मी फार वर्षं पाहिली आहे. झोपेतसुद्धा.

ती पळाली होती मोडक्या कुंपणाकडे. तिथला एक लांब वासा तिने हिसकून उपटला, परत आली, काठावर पालथी पडली, उरलेल्या दोघींना ओरडून स्वतःच्या पायांवर बसवलं आणि वासा पुढे केला. तो माझ्या छातीला लागला. मी धरायला गेले तर धरता येईना, बोटं वळतच नव्हती. ती ओरडत होती, "कोपर! कोपर अडकव! हाताने धरू नकोस, कोपर!" मी कोपरात अडकवला आणि त्यांनी मला ओढलं. वासा खडबडीत होता, काखेपासून कोपरापर्यंत सालटं निघालं. तुला लहानपणी तो वण दाखवून मी मांजराची गोष्ट सांगायचे. मांजर नव्हतं.

आता यातला माझा लाजिरवाणा भाग. मी तिच्याशी दोन वर्षं धड बोलले नाही. आम्ही घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, पण आमच्या चौघींत ते राहिलंच. ती माझ्याहून चांगली पोहायची आणि तिने उडी मारली नाही. मला बुडताना पाहून तिला कुंपण सुचलं! उरलेल्या दोघीही तिला हलकेच टोमणे मारायच्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही. ती कधी काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मी आत आले असते तर वासा कोणी धरला असता?" मला तो बहाणा वाटला.

मी शिक्षिका झाल्यावर, शाळेची सहल निघण्याआधी, एक जीवरक्षक आम्हाला समजवायला आले होते. मी शेवटच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. ते म्हणाले, पाण्यात कुणी अडचणीत दिसला तर पहिलं काम म्हणजे आजूबाजूला बघणं. पोचेल असं काय आहे, फेकता येईल असं काय आहे. काठी पुढे करा, नाहीतर तरंगणारं काहीतरी फेका, होडी असेल तर होडी न्या. स्वतः आत जाणं अगदी शेवटी, आणि तेही शिकलेल्याने, हातात काहीतरी तरंगणारं घेऊन. कारण बुडणारा माणूस मित्र उरत नाही, तो तुमच्या खांद्यावर चढून श्वास शोधतो. "चांगला पोहणारा सगळ्यात आधी उडी मारतो, म्हणून मग आम्हाला दोघांना शोधावं लागतं." मी तपासत असलेल्या वहीवर लाल शाईचा ठिपका पसरत गेला होता, तेवढं आठवतं.

सहलीहून आल्यावर मी मावशीकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं एकही वाक्य निघालं नाही. ती म्हणाली, "तेव्हा तू माझ्याहून जाड होतीस, माझ्या गळ्यात पडली असतीस तर आपण दोघी गेलो असतो. मी नुसता हिशेब केला." मग ती हसली, आणि मी रडले.

आता कळलं का, तू घर सोडून निघालास तेव्हा तिने तुला ती पिशवी का दिली? आपण सगळे किती हसलो होतो. नवी नोकरी, नवं गाव, आणि मावशीची भेट काय, तर दोरी! पिशवीत भरलेली, पाण्यावर तरंगणारी. तू म्हणाला होतास, "मावशी, मी जहाजावर जात नाहीये." ती अजून गाडीच्या डिकीत आहे ना? की काढून ठेवलीस? परवा ती काठापासून किती पावलांवर होती, हे मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

बघ, पुन्हा सुरू झाले. थांबते.

थांबता येत नाहीये. एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा फोनवर काढणार नाही. कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेख्त नावाच्या प्राध्यापकांनी स्वतः गोठणाऱ्या पाण्यात उतरून हे सगळं तपासलं. त्यांचा एक साधा आकडा आहे: एक, दहा, एक. अतिथंड पाण्यात पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि शुद्ध हरपायला १ तास लागतो. म्हणजे माणसं गारठून मरतात असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकजण गारठण्याच्या कितीतरी आधी जातात, पहिल्या मिनिटात नाहीतर दहाव्यानंतर हात गेल्यावर. तू म्हणालास दहा-बारा मिनिटं. किती सहज म्हणालास! तुमचं पाणी तितकं गार नसेलही. आकडा सगळ्यांना सारखा लागूही होत नाही. पण मी त्या रात्री "दहा-बारा" हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले, की सकाळी बाबांनी गजराला किती मिनिटं आहेत विचारलं तरी दचकले.

आणि दुसरं. तुझा मित्र ओरडला नाही, म्हणून तुम्हाला आधी वाटलं तो मस्करी करतोय, असं तू सांगितलंस. स्वतःला दोष देऊ नकोस. बुडणारा ओरडत नाही. फ्रँक पिया नावाच्या एका अमेरिकन जीवरक्षकाने हे वर्षानुवर्षं पाहून नोंदवलं: माणूस उभा राहतो, हात बाजूला पसरून पाणी दाबतो, मान मागे जाते, आवाज नसतो. हात हलवून बोलवायला हात मोकळे नसतात. २० ते ६० सेकंद, मग खाली. कुणी गप्प झालं की बघायचं. घरातही हाच नियम आहे म्हणा. तू फोनवर गप्प झालास की मी ओळखते.

त्याचा खोकला थांबला का? तू म्हणालास थोडं पाणी गेलंय पोटात. पोटात गेलं तर गेलं, छातीत गेलं असेल तर वाट बघू नका. अजून खोकला असेल, धाप लागत असेल, खूप झोप येत असेल, तर आजच दवाखान्यात न्या त्याला, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी. आणि पुन्हा कधी असं झालंच, तर बाहेर काढलेल्याला उठवून चालवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. आडवं ठेवायचं, ओले कपडे काढून कोरडं गुंडाळायचं, वाऱ्यापासून आडोसा करायचा. पाण्याबाहेर आलं म्हणजे संपलं असं नसतं, आतलं गारपण त्यानंतरही काही वेळ वाढत राहतं. तुमच्यातलं एवढं तरी कुणी केलं, की सगळे टाळ्या पिटत उभे होते?

आणि गाडी कुणी चालवली परत येताना? तू चालवलीस? त्या हातांनी?

चुकले. हे शेवटचं वाक्य खोडणार होते, पण खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशीलच, तू तसाच आहेस. टाळ्या पिटत होते हेही अन्यायाचं आहे, कारण तुझ्या अंगावर कोरडं जाकीट होतं आणि ते तुझं नव्हतं. म्हणजे कुणीतरी स्वतः थंडीत उभं राहून ते तुला घातलं. त्या मुलाला माझे आशीर्वाद सांग. तो फोन धरणारा लांब केसांचा, त्याच्या अंगात नुसता शर्ट होता का? मला आत्ता आठवतंय, त्याचा हात हलत होता, चित्र सारखं थरथरत होतं. मला वाटलं होतं हसतोय.

आता बाबांनी मला जे आठवून दिलं ते. मी रागाच्या भरात ऐकलंच नव्हतं. तू म्हणे सांगितलंस, "तो ऐकत नव्हता, मानेला लटकला होता, तेव्हा मी त्याच्या कानात तुझंच वाक्य ओरडलो, 'कान बुडव!' आणि तो पडला पाठीवर." हे तू म्हणालास आणि मी त्यावर "हवेचं तापमान मला सांगू नकोस" असं म्हणाले. किती मूर्ख बाई आहे मी.

तुला आठवतं का ते? तू सहा वर्षांचा. पाठीवर तरंगायला तयारच नव्हतास. मान ताठ, डोकं पाण्याबाहेर, त्यामुळे कंबर बुडायची आणि तू रडायचास. बाकीच्या आया आपापल्या मुलांबरोबर पाण्यात उतरायच्या आणि मी काठावर टॉवेल घेऊन उभी. तू एकदा विचारलंस, "आई, तू का नाही येत?" मी म्हटलं, टॉवेल भिजेल. मग मी तिथूनच ओरडत राहिले, "कान बुडव! कान बुडू दे, मग वर येशील!" आठवडाभर. इतर आया हसायच्या. आणि एका संध्याकाळी तू कान बुडवलेस. तुझा चेहरा असा सैल झाला, जसा झोपेत होतो, आणि तू नुसता पडून राहिलास, हात पसरून. शिकवणारे सर म्हणाले, झालं, आता हा बुडत नाही. मी टॉवेलमध्ये तोंड लपवलं.

आता तर जीवरक्षकही हेच सांगतात. गार पाण्यात पडलात तर आधी पोहू नका, धडपडू नका, डोकं मागे, कान पाण्यात, नुसतं तरंगा, श्वास ताळ्यावर आला की मग काय ते ठरवा. मी शास्त्र म्हणून नव्हतं सांगितलं. मला १९ व्या वर्षी जे सुचलं नव्हतं ते तुझ्या अंगात घालायचं होतं, बस. ते तुझ्या अंगात इतकं आत गेलं की तू ते दुसऱ्याला देऊन आलास. तुझा मित्र ज्याने वाचला ते तुझे दंड नव्हेत रे, ते वाक्य होतं. आणि ते तू काठावरूनही ओरडू शकला असतास.

मला अभिमान वाटतो का? वाटतो. इतका वाटतो की मी शेजारी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगताना माझा आवाज कसा होईल याची मला खात्री नाही. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत. प्रत्येक वेळी तळं थोडं मोठं होतं. आणि प्रत्येक वेळी "याने मागचापुढचा विचार केला नाही, सरळ उडी" हे ते कौतुकाने म्हणतात, आणि मी आत निघून जाते. मागचापुढचा विचार करणारी एकच मुलगी माझ्या आयुष्यात आली, आणि तिला मी दोन वर्षं भित्री समजले. तू भित्रा असावास असं मला म्हणायचं नाही. तू तिच्यासारखा असावास असं म्हणायचं आहे. पाठ फिरवून पळण्याइतका, मित्राला ती पाठ दिसली तरी.

काल तिला फोन केला, सगळं सांगितलं. मला वाटलं ती दोरीवरून बोलेल. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "तू त्याला ओरडलीस ना?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग आता मी नाही ओरडत." आणि तुझ्या मित्राच्या आईला हे कळलंय का, ते विचारलं. मला ते सुचलंच नव्हतं. कळलंय का रे? नसेल तर त्याला सांग, सांगून टाक म्हणावं. तिला काहीतरी दिसलं असणार फोनवर, आणि ती कुठेतरी माझ्यासारखी जागी असणार.

पुन्हा असा दिवस आला तर जा. खरंच जा. काठावर पडा, दगड मारा, पुस्तकं नेऊन उघडू नका. दिवस अजून लहान आहेत, ऊन उतरलं की गारठा झपकन येतो, म्हणून एक कोरडा जोड जास्तीचा घे, आणि पिशवी डिकीतून काढून हाताशी ठेव, लांब केसांच्या मुलालाही दाखवून ठेव कशी फेकायची ते. पाण्यात पाय बुडवायचे तर बुडवा, काठाकाठाने, हळूहळू. झालं. आणखी काही नाही. आठ महिन्यांनी तू येशील तेव्हा मी तुझ्याबरोबर तलावावर येईन, आणि टॉवेल बाबांकडे देईन. बघू.

रविवारी फोन कर. चित्राचा कर, नुसत्या आवाजाचा नको. आणि फोन तू स्वतः धर, एका हातात, मला तुझी बोटं दिसतील असा.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारताहेत, चेंडू मिळाला का. मी विचारत नाहीये.